टाचेची झीज

जोड्याचा तळ पाहून माणसाची चाल सांगणे हा त्याचा हातखंडा होता. जोडे शिवत आरी-रापीवर जन्म काढलेला माणूस; गिऱ्हाइके गमतीने म्हणत, "याच्यापुढे पाय लपवावेत." घरातल्या एका जोडीचा तळ मात्र त्याला काहीच सांगत नसे. ती जोडी त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीची. जन्मताना मेंदूला इजा झालेली; पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे. पायांच्या प्लास्टिकच्या आधारपट्ट्या मावाव्यात म्हणून ते बूट त्याने स्वतःच रुंद शिवले होते.

थेरपीच्या बाईंनी सारे समजावून दिले होते. पोटऱ्या सावकाश ताणायच्या, उभे राहण्याच्या लाकडी चौकटीत रोज बांधून उभे करायचे. "टाच टेकली पाहिजे, दादा. ती टेकली की पुढचं बघू." सकाळचे ताणणे त्याच्याकडे, दुपारची चौकट बायकोकडे. लेक कुरकुरायची, "बाबा, माझे पाय म्हणजे काय तुमचं चामडं आहे?" तो हसायचा आणि हात थोडा सैल सोडायचा. हाडे वाढत होती. पोटऱ्या वर्षागणिक आखूडच पडत होत्या.

त्या सकाळी बुटाचा पट्टा उसवला म्हणून त्याने जोडी हातात घेतली आणि तो थबकला. दोन्ही टाचा घासलेल्या!

"अगं, टेकते! हिची टाच टेकते! मला बोलली नाहीस?"

बायको भांडी विसळत होती. वळली नाही. "असेल," एवढेच म्हणाली.

बाईंना दाखवायचे म्हणून त्याने बूट उजेडात धरला आणि सवयीने अंगठा फिरवला. चालणाऱ्याची टाच खालून झिजते. ही मागून झिजली होती. खालचा तळ कोरा, आणि मागचे चामडे खरवडून पांढरे पडलेले. समजायला वेळ लागला नाही.

"ओढतेस तिला?"

"मग काय करू?" ती आता वळली. "कंबर धरलीय माझी. उचलवत नाही. काखेत हात घालते नि मागे मागे सरकत संडासापर्यंत नेते. चौकटीत तर कधीपासून चढवलंच नाही."

"मी रोज विचारत होतो. उभी राहिली का म्हणून."

"तुमचं तोंड बघून हो म्हणायचे."

खाटेवरून लेक म्हणाली, "बाबा, आईला ओरडू नका. मला घसरगुंडी आवडते."

तो ओरडला नाही. दुपारी दुकान बंद ठेवले तर चूल बंद, आणि उचलायला तिसरे माणूस घरात नव्हते. तो खाली बसला. पेटीतले सर्वांत जाड चामडे काढून त्याने चंद्रकोरीसारखे दोन तुकडे कापले.

"बाईंना काय सांगायचं?" बायकोने विचारले.

त्याने दोऱ्याला मेण लावले आणि ते तुकडे टाचेच्या मागच्या अंगाला घट्ट शिवले. तळाला हात लावण्याची गरजच नव्हती.