पाय पसरून बसलेला

माझा धाकटा भाऊ लढाईवरून घरी आला, तेव्हा देवणीच्या स्टँडवर त्याच्यासाठी हलगी वाजली. हातात काठी आणि उजवा पाय फळीसारखा ताठ. गुडघ्यात लोखंड घातलेलं, वर तोफगोळ्याचे बारके तुकडे आतच राहिलेले. पंचविशीही गाठली नव्हती त्यानं. हलगी थांबली आणि गावाला त्या पायाची अडचण व्हायला लागली.

पाय दुमडतच नव्हता. पंगतीत बसला की समोरच्या पत्रावळीपर्यंत पोचायचा. वाढणारे अडखळायचे, एकदा तर वरणाची बादलीच कलंडली. मग त्याला खुर्ची दिली, तर म्हणे पंगतीतल्या आमच्या मठाच्या स्वामींपेक्षा उंच बसतो. घ्या! डोंगरावर दुश्मनाच्या खाली होता म्हणून गोळा लागला, आणि इथं उंच बसतो म्हणून बोलणी. तो हसायचा. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढं काही वर्षांनी त्या तुकड्यांनी पू धरला, विष अंगभर भिनलं आणि लातूरच्या दवाखान्यात तो गेला. सीमेवर गेला असता तर शहीद. खाटेवर गेला त्याला काय म्हणायचं, यावर पारावर लई चर्चा झाली.

आमच्यात माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. मयताच्या मिरवणुकीत त्याचा पाय पुढं आलेला अख्ख्या गावानं पाहिला, तरी खड्डा खणला सवयीनं, मांडीपुरताच. पाय मावेना. थोरले काका म्हणाले, गुडघ्यावर जरा जोर दिला की बसेल मांडी, आता काय दुखणार हाय त्याला? दोघं पुढं सरसावलेसुद्धा. स्वामी खाली बघत राहिले.

अव्वा, आमची आई, तोवर बाजूला बसून होती. ती उठून आली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "दुश्मनानं मोडला तेवढा बास हाय. खड्डा वाढवा."

कुदळ पुन्हा चालली. पुढं पायापुरता चर खणला, आणि माझा भाऊ एक पाय पसरून बसला, आमच्या ओट्यावर बसायचा तस्साच.

साहजिकच त्याची समाधी इतरांपेक्षा लांब झाली. मसणवट्याच्या ऐन वाटेत येते. मयतीला आलेले लोक अजून तिला ठेचकाळतात आणि कुरकुरतात. मागं काकांनी अव्वाला सुचवलं, पुढचं टोक तेवढं फोडून टाकू, जाण्यायेण्याला बरं.

"बाजूनं जावा की," अव्वा म्हणाली. "माझं लेकरू बसलंय तिथं."