बादलीतून आलेला चहा

माझे पप्पा जन्मभर जहाजांना तेल भरत होते आणि एकाही जहाजावर कधी चढले नाहीत. वाकोल्यातल्या आमच्या खोलीत हे कुणाला विचित्र वाटत नसे. त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या फर्नेस ऑइलच्या वासासारखंच ते नेहमीचं होतं. आई ते कपडे वेगळे भिजवायची, तरी आमच्या टॉवेलांना तोच वास यायचा.

पप्पांच्या कंपनीची सुरुवात मालकाच्या वडिलांनी मच्छीमारांच्या बोटींना डिझेल पुरवून केली. मग त्यांनी एक जुनी बार्ज घेतली, म्हणजे पोटात टाक्या असलेली बुटकी, सपाट बोट, आणि बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या मोठ्या जहाजांना ते तेल देऊ लागले. पुढे ऑफिस अंधेरीला काचेच्या इमारतीत गेलं. बार्ज मात्र तीच राहिली. पप्पा तिचे सारंग, म्हणजे बार्जवरचे प्रमुख. ज्या गावातून ते मुंबईत आले तिथली नदीसुद्धा उन्हाळ्यात दिसत नाही. हाताखाली दोन खलाशी, दोघेही मालवणकडचे.

बार्ज जहाजाच्या कुशीला बांधायची. वरच्या क्रेनने जाड नळी उचलून घेतली, जोडली की पंप सुरू. हे तेल थंड असलं की काकवीसारखं दाट, म्हणून आधी तापवावं लागतं. पप्पा टाकीत फीत सोडून तेलाची उंची मोजायचे, नमुन्याच्या बाटल्या भरून सील करायचे. वर-खाली जे जायचं ते दोरी बांधलेल्या बादलीतून जायचं. सह्यांचे कागद त्यातूनच, चहाही त्यातूनच.

मी पत्रकांवर वाढले. कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत पप्पांनी जमवलेली पत्रकं होती, कुठली जयंतीची, कुठली संपाची. अक्षरं लावायला मी त्यांवरच शिकले. त्यामुळे शाळेत असताना बादलीचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेटलेच.

"वरून टाकतात आणि तुम्ही घेता?"

"टाकत नाहीत गं. दोरीने सोडतात."

"आपल्या लोकांच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतायचे ना? तुम्हीच सांगितलंत."

"मीच सांगितलं. पण ह्या बादलीतून आपलंही वर जातं. आईला विचार, घरातली लिंबं कुठे जातात."

"मिरच्यापण सांगा," गॅसपाशी उभी असलेली आई म्हणाली. "आणि लसणाची चटणी! त्या जहाजवाल्या पोरांनी डबा अजून परत केला नाही. अहो, एकदा वर जाऊन घेऊन तरी या."

"बार्जवाल्यांना वर घेत नाहीत," पप्पा म्हणाले. आई हसली, मी हसले. ते हसले नव्हते, हे मला आत्ता आठवतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने बार्ज विकायला काढली. धक्क्याला लागलेल्या जहाजाला टँकरने तेल पोचवणं स्वस्त पडतं म्हणे. पप्पांची नोकरी बार्जबरोबरच संपणार होती. शेवटच्या खेपेनंतर दोन्ही खलाशी आमच्याकडे जेवायला आले आणि त्यांतल्या थोरल्याने घडलेलं सांगितलं.

शेवटचं जहाज ओळखीचं होतं, बऱ्याचदा तेल घेऊन गेलेलं. सारंगाची ही शेवटची खेप आहे हे कळल्यावर वरून चीफ इंजिनिअरने हाक मारली: कॅप्टनने चहाला बोलावलंय, इंजिनरूमही दाखवतो. दोरीची शिडी खाली आली. पप्पांनी विचारलं, "आणि हे दोघं?" परवानगी एकालाच होती.

"मी म्हटलंय, सारंगानू, जावा तुमी," खलाशी मटणाचा रस्सा ओढत म्हणाला. "आमका काय, चाय खालीच गोड लागता. पण हे आयकतीत तर! वर बघून सांगितल्यानी, मग तिघांचा चहा बादलीतूनच सोडा."

"आला?" मी विचारलं.

"इलो ना! चहावांगडा बिस्किटा. अर्धो चहा सांडलो."

मला इतका अभिमान वाटला की त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. चढायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही, असा त्याचा सूर. गोदी कामगारांच्या सभेत ते वाटलं, लोकांनी पाठ थोपटली. घरी येऊन पप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "एकच राहिलं."

"काय?"

"मला जायचं होतं गं."

मी पत्रक खाली ठेवलं. मग ते सावकाश बोलले. इतकी वर्षं तेल भरलं, पण ते जळतं कुठे, ते इंजिन केवढं असतं, ते एकदा बघायचं होतं. कॅप्टनचा चहा नसता तरी चाललं असतं.

"मग तुमचं चुकलं का?"

"चुकलं कशाला? आजही तेच सांगेन. पण बघायचं राहिलं."

माझ्या पत्रकात ह्या वाक्याला जागा नव्हती. पप्पांना एकदा जहाजावर नेता येईल का, हे विचारायला मी अंधेरीच्या ऑफिसात गेले. तिथला माझ्याच वयाचा साहेब सभ्य होता. म्हणाला, "काका आता आमच्याकडे नाहीत ना, बंदरात जायचा पास कसा काढणार?" त्याच्या मागे भिंतीवर बार्जचा मोठा फोटो होता. बार्जवर एकही माणूस नव्हता. भांडायचं ठरवून गेले होते, पण कशाच्या आधारे मागायचं तेच सुचेना. पगार, पेन्शन, सुरक्षा, हे सगळं मला मागता येतं. एका माणसाला इंजिन बघायचंय, हे कुठल्या मागणीपत्रात घालू?

आता रविवारी आई खारदांड्याला मासळी घ्यायला जाते तेव्हा पप्पा बरोबर जातात आणि किनाऱ्यावर बसतात. दूर एखादं जहाज दिसलं की ते पाण्यात किती बुडालंय ते बघून भरलेलं की रिकामं ते सांगतात. जहाजाचं खालचं अंग त्यांना पाठ आहे.

गेल्या रविवारी मीही गेले. जहाजाच्या इंजिनरूमचा एक व्हिडिओ शोधून मोबाईल त्यांच्या हातात दिला. पाहणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी उंच इंजिन, जिने, पाइप, घामाघूम माणसं. उन्हात पडद्यावर हाताचा आडोसा धरून त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"आवाज वाढव."

"पूर्ण आहे, पप्पा."

त्यांनी पडद्याच्या काचेवर तळवा ठेवला, तापलेल्या टाकीवर ठेवत तसा, आणि थोड्या वेळाने मोबाईल मला परत दिला.

"केवढं मोठं आहे गं," ते म्हणाले. "पण गरम लागत नाही."