सय, याद, आठवण

"अफेजिया," असं म्हणून सिव्हिल सर्जनसाहेबांनी माझ्यासमोर धरलेली किल्ली खाली ठेवली. मग खाटेच्या पायाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला त्यांनी सोपं करून सांगितलं, "डोक्यातल्या डाव्या बाजूच्या शिरेत रक्ताची गाठ अडकलीय. यांना कळतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. मेमरी शाबूत आहे, तिथवर जायची वाट बंद झालीय."

"मेमरी म्हंजे याद काय जी?" तिनं विचारलं.

"हो, याद."

किल्ली मी ओळखली होती. तिनं कुलूप उघडतात हेही ठाऊक होतं. तिला म्हणतात काय, तेच मिळत नव्हतं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्याच्या कोर्टात मी दुभाषी होतो. साक्षीदारानं मराठीत बोलायचं, मी गोऱ्या साहेबाला ते इंग्रजीत सांगायचं. एका सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा गळाला. हाक मारायला गेलो तर भलताच आवाज निघाला.

दवाखान्यात दिवस सरता सरत नव्हता. या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचो. भिंतीवरची पाल दिसे, तिचं नाव शोधायचो. पाणी मागायचं होतं तर 'मोहर' म्हणालो. शेजारचा रोगी हसला. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

एकदा डॉक्टरांनी बायकोकडे बोट दाखवून विचारलं, "यांचं नाव काय?" मी चादरीकडे पाहिलं. कंपाउंडर म्हणाला, "लाजून राह्यले साहेब." बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नव्हतीच. तीही पदराआड हसली. मग माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर ती जवळ येऊन बसली. "तुमाले खरंच याद नाई येत?"

नाव येत नाही, अशी मी मान हलवली.

"मी यमुना," ती म्हणाली. "रोहिणखेडची." नवी ओळख करून द्यावी तसं. मग बाहेर व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

घरी आल्यावर संस्कृत शिकवणारे शेजारचे शास्त्रीबुवा रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. डॉक्टरांनी एकमेकांशी नातं असलेले शब्द म्हणवून घ्यायला सांगितलं होतं. बुवांनी 'स्मृ' धातू धरला. "त्यापासून स्मरण, स्मृती. स्मृतीची प्राकृतात झाली सई, तीच आपली सय. याद फारसीतून आली. आठवण म्हणजे, काहींच्या मते, आस्थापन. मनात जागच्या जागी बसवणं."

"वि... विसर?" मी विचारलं. आजारपणातला माझा तो पहिला धड प्रश्न.

"त्यातही स्मृच आहे. विस्मर."

ते ऐकून मी उठून बसलो. विसरण्याच्या आतसुद्धा स्मरण होतं!

त्यानंतर शब्द येऊ लागले, पण ओळीनं नाही. किल्लीआधी कुलूप आलं. यमुनेचं नाव मी चुलीपाशी मोठ्यानं घेतलं. माझ्या आईसमोर असं काय करता म्हणून ती रागावली आणि पुन्हा घ्या म्हणाली.

तुमच्या घरी कोणाचे शब्द असे अडकले, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. यमुनेनं माझं कधी केलं नाही. पोळी तव्यावर करपली तरी ती थांबून राहायची.

पुढं मी कामावर रुजू झालो. मेहकरकडच्या बांधावरच्या मारामारीचा खटला होता. एक म्हातारी साक्षीला उभी राहिली. पहिला घाव कोणी घातला, या प्रश्नावर ती अडली. वकील ओरडला, "काऊन आठवत नाही? कोणी पढवलं?"

"याद हाय बाबा," ती म्हणाली, "तोंडात येऊन नाई राह्यली."

पूर्वी मी 'साक्षीदाराला आठवत नाही' एवढं इंग्रजीत सांगून मोकळा झालो असतो. त्या दिवशी साहेबाला म्हणालो, "तिला आठवतंय. ती वेळ मागते आहे."

एवढं इंग्रजी जुळवताना मीच दोनदा अडखळलो. साहेबानं माझ्याकडे पाहिलं, मग लेखणी खाली ठेवली. वकील बसला. शिपायानं म्हातारीला पाणी दिलं. ती सावकाश प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्याच दिराचं नाव घेतलं.