दुपारी चारचा चोर

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. शेजारी कोणी मोटारसायकलचं स्टँड दाणकन लावलं की पुरे. निवृत्तीच्या निरोपाला सहकाऱ्यांनी माझ्या कौतुकात हीच केस सांगितली, टाळ्या झाल्या. तिच्यातला एक भाग मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता. आज सांगतो.

मी तेव्हा नागपूरच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. बेसा भागातल्या एका नव्या वसाहतीतल्या, तिकडच्या भाषेत लेआउटमधल्या, एकाच घरातून कंट्रोल रूमला महिन्याभरात पाच फोन आले. आवाज लहान मुलीचा. "काका, आमच्या घरी चोर आला. लवकर या." पत्ता अगदी नीट सांगायची. गस्तीवरचे बीट मार्शल पोचायचे, तर ना चोर, ना तुटलेलं कुलूप. घरमालक नुकताच हिंगण्याच्या कारखान्यातून आलेला असायचा. सुपरवायझर माणूस, बोलायला गोड. "माफ करा साहेब, पोरगी मोबाइल पाहून पाहून बिघडली. पाणी तरी घ्या न." मार्शल पाणी पिऊन परत यायचे. नोंदीपुढे शेरा पडायचा, 'खोटी माहिती'.

पाचव्या फोननंतर त्या घराच्या शेजारचे एक गृहस्थ ठाण्यात आले. त्यांची तक्रार आमच्याचविरुद्ध होती.

"घडीघडी तुमची गाडी येते साहेब. लेआउटचं नाव खराब होऊन राहिलं."

"त्या घरात चाललंय तरी काय?"

"काई नाई. पोरगी लबाड हाय. शाळेतूनबी चिठ्ठी आली म्हणतात, पोरींले मारते, खोटं बोलते." ते उठले आणि दारात थांबले. "पण एक हाय. तुमी येऊन गेले का त्या दिवशी आमाले टीव्हीचा आवाज वाढवा लागत नाई."

एवढं सहज बोलून तो माणूस निघून गेला. आवाज कशासाठी वाढवावा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडचं रडणं त्याला चालत होतं, पोलिसांची गाडी चालत नव्हती!

मी पाचही नोंदी समोर घेतल्या. सगळे फोन दुपारी चारच्या आसपासचे, आणि एक आठवडा सोडून पुढच्या आठवड्यातले. कारखान्यातून त्या सुपरवायझरच्या पाळ्यांची माहिती मागवली. ज्या आठवड्यात त्याची पहिली, दुपारी तीनला सुटणारी पाळी, त्याच आठवड्यात फोन.

पुढच्या पहिल्या पाळीच्या दिवशी, साडेतीनला, साध्या कपड्यांत आमच्या ठाण्यातल्या एका महिला हवालदारांना घेऊन मी त्या घरी गेलो. दार बाईंनी उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, पोलिसांना पाहून उतरतो तसाच. आत दहा वर्षांची मुलगी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ.

सवयीने माझा आवाज चढला. "खोटा फोन केला तर काय होतं, माहीत आहे?"

ती नखं कुरतडत राहिली. कुरतडायला नख उरलंच नव्हतं, कडेला रक्त दिसत होतं. हवालदारांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि तिच्याजवळ खाली बसल्या. "काहून फोन करते वं बेटा?"

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. स्टँड दाणकन पडलं.

मुलगी उठली. गॅस बंद केला. लाटणं फ्रिजच्या मागे टाकलं. टेबलावरचा काचेचा ग्लास उचलून कपाटात ठेवला. लहानग्याला काही सांगावंही लागलं नाही. तो उशी घेऊन दिवाणाखाली शिरला आणि उशी डोक्यावर धरून पडून राहिला. आमच्या बंदोबस्तात इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही. मग तिने फोनकडे हात नेला आणि मध्येच थांबली. पोलीस घरातच होते.

"स्टँड हळू लावलं तं काई नाई होत," ती हवालदारांना म्हणाली. "असं लावलं तं पप्पा मम्मीले मारते."

"मग चोर कशाला सांगितला?" मी विचारलं. "खरं का नाही सांगितलं?"

"तुमीच तं म्हटलं होतं न, काका."

"मी?"

"मम्मीसंगं आली होती मी ठाण्यात. तुमी म्हटलं, नवरा-बायकोच्या भांडणात पोलीस कुठं कुठं धावणार? चोर-बीर आला असता तं आलो असतो."

मी त्या बाईंकडे पाहिलं. मग ओळखलं. सुजलेला ओठ, बाजूला शाळेच्या गणवेशातली मुलगी. मी मुलीला बिस्किटांचा पुडा दिला होता आणि तक्रार मिटली असं लिहून आईची सही घेतली होती. वर्षही झालं नव्हतं.

तो आत आला. आम्हाला पाहताच चेहरा गोड केला. त्याला बाहेर बसवलं आणि जबाबासाठी कागद काढले. बाई म्हणाल्या, "मागच्या खेपेले बी सही घेतली होती साहेब. आता काय लिहिता?" हवालदारांनी पेन हातात घेतलं. "सांग वं ताई, तू सांगशील तेच लिहिते."

त्या दिवशी वैद्यकीय तपासणी झाली, गुन्हा दाखल झाला, त्याला अटक झाली. माय-लेकरं नरखेड तालुक्यात मामाकडे गेली. हवालदार अधूनमधून विचारपूस करायच्या. मामाने फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी पोरगा डोकं झाकायचा, आणि अंगणवाडीत पोरांना चावायचा. मुलगी दुपारी चारला अभ्यास सोडून दाराशी जाऊन बसायची. बाप तुरुंगात असतानासुद्धा!

शाळेने लिहिलं, मारते, खोटं बोलते. शेजाऱ्याने म्हटलं, लबाड. मारायचं कुठे शिकली, हे कोणी विचारलं नाही. खोटं बोलायला तर मीच शिकवलं होतं. दहा वर्षांच्या पोरीने आमचा नियम लक्षात ठेवला आणि आईला वाचवायला तो वापरला. या कामात मार खाणाऱ्या बाईचंच नाही, दिवाणाखालच्या पोराचंही ऐकायचं असतं, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत तिने शिकवलं.

तिच्या पाचही फोनपुढे 'खोटी माहिती' असा शेरा आजही असेल. पण त्या घराबद्दलची खोटी नोंद त्या ठाण्यात एकच आहे. 'समज देऊन प्रकरण मिटवले.' खाली सही माझी आहे.