वरचा दीड तास

समुद्राची भरती-ओहोटी आमच्या घरात विचारून होते, असा वयाच्या बत्तिशीपर्यंत माझा ठाम समज होता.

तो अगदीच निराधार नव्हता. आमचं गाव राहनाळ, भिवंडीला लागून. आता तिथे जिकडे बघावं तिकडे गोडाऊन, पण माझे वडील खाडीत जाळं टाकणारे. ते बोटांवर पाण्याची वेळ काढायचे. तिथीची पाऊणपट करायची, वर दीड तास धरायचा, की भरती कधी ते कळलं! ते गेल्यावर त्यांचं जाळं माळ्यावर गेलं आणि गणित माझ्याकडे आलं. वर दीड तास का धरायचा, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. विचारायचं म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि ते मला जमत नाही. (न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की मी उठून बाहेर एक चक्कर मारून येतो.)

मोबाइल खिशात आले होते पण रेंज अजून सगळीकडे आली नव्हती, त्या सुमाराची गोष्ट. माझी धाकटी बहीण रंजना हिला दिघाशीचे हिराजीशेठ आपल्या मुलासाठी, नितेशसाठी, बघून गेले होते. पोहे खाल्ले, चहा प्यायले, आणि महिना झाला तरी होकार नाही की नकार नाही. आधीचं एक स्थळ असंच लोंबकळून मोडलं होतं. पुढे कितीतरी दिवस रंजना ताट घेऊन स्वयंपाकघरात एकटीच जेवायची. या वेळी नितेश तिला आवडला होता. हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं, आणि वाटलं की माझे पाय शिवशिवतात. मी तीनदा दिघाशीला जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला हिराजीशेठ कंटाळून म्हणाले, "आमच्यात पोर देवाला दाखवल्याबगर होकार देत न्हाय. हरिहरेश्वराला जाऊन येऊ, मंग सांगतू."

झालं! आमच्याकडून आई, रंजना आणि मी. त्यांच्याकडून हिराजीशेठ आणि नितेश. सलीमभाईंच्या जीपमधून पहाटे निघालो. साडेदहाला देवळात दर्शन झालं. आता राहिली प्रदक्षिणा. ती देवळाभोवती नसते, आख्ख्या डोंगराभोवती असते. मागून चढायचं, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरायचं, आणि एका बाजूला सरळसोट कातळ, दुसऱ्या बाजूला लाटा, अशा खडकांवरून चालत परत यायचं. ओहोटी असेल तरच.

मी बोटांवर हिशेब केला. त्या दिवशी संकष्टी, म्हणजे चौथ. चाराची पाऊणपट तीन, वर दीड, साडेचारला भरती. म्हणजे सव्वादहाला पाणी तळाला गेलेलं. "आत्ताच चला," मी म्हणालो. "बेस्ट टाइम हाय."

पायऱ्यांच्या तोंडाशी शहाळी विकणारा एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "आता नका जाऊ. पाणी चढतंय. उद्या सकाळी लवकर जा."

"काका," मी हसून म्हणालो, "आमची हयात खाडीत गेली."

(माझी हयात खाडीत गेली नव्हती. मी खाडीत दोनदा उतरलो होतो, त्यातल्या एकदा पाय घसरून.)

आम्ही खाली उतरलो. लाटांनी कातळ असा काही कोरला होता की जागोजागी जाळी पडली होती. आईनं तिथेच हात जोडले. मी पुढे, बाकीचे मागे. दर दहा पावलांनी थांबून मी त्यांना "चला चला" म्हणत होतो. दुसऱ्या वळणाला हिराजीशेठच्या धोतराचा काठ भिजला.

"पानी वर येतंय काय?" त्यांनी विचारलं.

"ओहोटीतही एखादी लाट देते दणका," मी म्हणालो.

तिसऱ्या वळणाला वाटच नव्हती. जिथे खडक असायला हवा होता तिथे समुद्र होता. मागे वळून बघितलं, तर आलो ती वाटही फेसाखाली गेलेली. नितेशनं आईला धरून एका उंच खडकावर चढवलं. आम्ही तिच्यामागे चढलो. खडक पाच पावलं लांब आणि दोन पावलं रुंद होता. पाच पावलं हे मला नक्की माहीत आहे, कारण मी ती पुढची पंधरा मिनिटं सारखी मोजत होतो.

"बस ना रं बाबा," हिराजीशेठ म्हणाले. "तू फिरतोस न मला गरगरतंय."

इतक्यात वर डोंगराच्या कडेवर सलीमभाई दिसले. "ऐ भाई, नीचे क्या कर रहे हो?"

"प्रदक्षिणा!"

"वो तो चलते-चलते करते हैं ना?"

रंजना मघापासून पाण्याकडे बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तू वरचा दीड तास धरलास?"

"धरला की. बाबा धरायचे."

"बाबा खाडीसाठी धरायचे. समुद्राची भरती खाडीतनं आपल्या गावापर्यंत यायला दीड तास लागतो. इथे समुद्र तुझ्या पायाशी आहे, दादा. इथे कशाला धरायचा?"

आई म्हणाली, "याला मी पैल्या इयत्तेत दोनदा बसवला होता."

मला आयुष्यात पहिल्यांदा खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलो. भीती पाण्याची नव्हती, होकार हुकण्याची होती. हे स्थळही मोडलं, तर तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो मी?

हिराजीशेठनी रंजनाकडे मान वळवली. "तुला ह्या कोनी शिकवला?"

"बाबांबरोबर पहाटे मीच जायचे. दादा झोपलेला असायचा."

"मंग सांग, आपली सुटका कवा?"

"तीनला पाणी पुरतं भरेल. या खडकावर येणार नाही, वर सुकं शेवाळ सुद्धा नाही. साडेपाचला उतरू. तोवर कोणी हलायचं नाही." शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून बोलली.

साडेपाच तास! आईचा उपास होता, बाकीच्यांना तो आपोआप घडला. हिराजीशेठ दर अर्ध्या तासानं घड्याळ बघत होते. पाणी आमच्या खडकाखाली हातभर अंतरावर आलं, आणि तीन वाजता तिथेच थांबलं. हिराजीशेठनी घड्याळ बघितलं, रंजनाकडे बघितलं, आणि पुन्हा घड्याळ बघितलं नाही. साडेपाचला ती पहिली उतरली. तिच्या हाताला धरून हिराजीशेठ, मग आईला घेऊन नितेश. माझा हात धरायला कोणी थांबलं नाही.

देवळाच्या पायरीवर हिराजीशेठनी नारळ रंजनाच्या हातात दिला. "पोर पसंत हाय. आनि हिच्या भावाला सांगा, दिघाशीला परत यायचा न्हाय, लगीन आम्ही ठरवतू." मला इतका आनंद झाला की दुसरं वाक्य मी जीपमध्ये बसल्यावर नीट ऐकलं.

लग्न थाटात झालं. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवऱ्याच्या वडिलांकडून मानाचे कपडे घ्यायचे, अशी रीत. मी नेहमीप्रमाणे घाईनं पुढे झालो, नितेशच्या कानाला हात घालणार, तोच हिराजीशेठनी माझं मनगट धरलं आणि भर मांडवात विचारलं, "पंचांनो, पिळायचा कान नक्की कोनाचा?"

सगळ्यात आधी आईनं माझ्याकडे बोट केलं. कपडे मिळाले, मापाचेही होते, पण पंचक्रोशीत कान पिळवून घेऊन मान मिळवणारा नवरीचा भाऊ आजवर मी एकटाच आहे.