सुबाभळीतला ‘सु’

सोसायटीच्या आवारात माजलेले एखादे परदेशी झाड मुळासकट काढायचे असेल, तर कायदा आपल्याला मदत करतो की अडवतो, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधण्यात दोन उन्हाळे गेले आणि ते अजून पुरते हाती आलेले नाही.

विश्रांतवाडीतली आमची सोसायटी नाल्याला लागून आहे. कुंपणाजवळ एक जुनी बाभूळ आहे. तिच्या नाल्यावर झुकलेल्या फांद्यांना दर पावसाळ्यात सुगरणी खोपे बांधतात. तिच्याभोवती सुबाभळींचे रान उठले होते. नाव सारखे असले तरी हे झाड वेगळे. ते मूळचे दूर अमेरिकेतले. चाऱ्यासाठी आणि जळणासाठी एके काळी आपणच कौतुकाने लावले. शेंग फुटली की खाली रोपांचा गालिचा. त्या गर्दीत बाभळीला ऊन मिळेना आणि तिची एक फांदी वाळली.

मी कायदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे शहरातला वृक्षकायदा झाड ओळखतो ते खोडाच्या घेरावरून आणि उंचीवरून. ते इथले की उपरे, हे विचारत नाही. वन्यजीवांच्या कायद्यात ‘आक्रमक परदेशी प्रजाती’ हे शब्द आता आले आहेत, पण आमच्या कुंपणापर्यंत ते पोचलेले नाहीत. म्हणून मी रीतसर अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेले.

खिडकीवरच्या कारकुनांनी अर्ज उलटसुलट पाहिला. “कारण काय लिहू? धोकादायक, सुकलेले की बांधकामात अडथळा?”

“आक्रमक.”

“तसा रकाना नाही. कुणाला इजा झाली का?”

“शेजारच्या झाडाला होते आहे.”

“मग त्या झाडाला अर्ज करायला सांगा,” असे म्हणून त्यांनी शिक्का मारला.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या नावे परवानगी आली. ती मला कळली ती करवतीच्या आवाजाने. खाली गेले, तर बाभळीला शिडी लावलेली आणि आमचे चेअरमन समाधानाने जागा मापत उभे. तिथे दोन गाड्या बसतील, असे ते वर्षभर सांगत होते.

“अहो, ही नव्हे,” मी म्हणाले. “बाजूच्या सुबाभळी काढायच्या आहेत.”

“मॅडम, आपल्याच अर्जावर आलेली परवानगी आहे.” त्यांनी कागद पुढे केला. ‘सुकलेली बाभूळ, एक नग.’

मी घरून अर्जाची प्रत आणली. चूक माझ्याच अक्षरात होती. ओळ संपत आली म्हणून मी शब्द तोडला होता: वरच्या ओळीत ‘सु’ आणि पुढे आडवी रेघ, खालच्या ओळीत ‘बाभळी’. शब्द असा तोडावा, हे मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. कार्यालयाने ‘सु’ म्हणजे ‘सुकलेली’ असे धरले आणि अनेकवचन गाळले.

“आपण मराठी शिकवायचात ना?” चेअरमन म्हणाले.

मी विज्ञान शिकवायचे. मराठी फक्त रिकाम्या तासांना. ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

शिडीवरचे गृहस्थ वाघोलीकडचे. त्यांनी कागद मागून घेतला, सावकाश वाचला आणि वर पाहिले. “सायेब, कागदात सुकलेली हाय. ही तर हिरवी हाय. उद्या कुणी इचारलं तर?” वाळलेली फांदी तेवढी उतरवून ते खाली आले. संपूर्ण प्रकरणात कागद झाडाशी ताडून पाहणारे ते एकटे.

परवानगी रद्द करून घ्यायला मी पुन्हा खिडकीवर गेले. कारकून म्हणाले, “रद्द करायचा अर्ज नसतो. राहू द्या जपून, कधीतरी सुकेलच की.” सुबाभळींसाठी नवा अर्ज करावा लागेल, हेही त्यांनी सांगितले. तो मी केला. शब्द एका ओळीत लिहून. उत्तर आलेले नाही. सुबाभळी हातभर वाढल्या आहेत. तोडण्याची परवानगी आहे ती फक्त बाभळीची, आणि ती चेअरमनांच्या कपाटात आहे.

कायद्याबद्दल मी लिहिले ते माझ्या वाचनापुरते. त्यावर विसंबू नका. मूळ कलमे आपण स्वतः वाचा. आपल्या आवारातल्या एखाद्या झाडासाठी अर्ज गेला असेल, तर कागदावर त्याचे नाव काय उतरले आहे, ते झाडासमोर उभे राहून एकदा तपासा.