सासूबाईंच्या खोलीतली ओल

आमचे हे ए.सी.च्या दुकानात विक्रेते आहेत. दुकानात त्यांना सगळे ‘दोन टन’ म्हणतात. गिऱ्हाईक कितीही लहान खोलीचं माप घेऊन येवो, हे त्याला दोन टनांच्या मशीनपुढेच नेऊन उभं करायचे. “साहेब, एकदाच घ्यायचं ते मोठंच घ्या. उन्हाळा काय सांगून येतो का?” हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणत असतील. आवाज असा मऊ, की समोरच्याला वाटावं, आपला थोरला भाऊच बोलतोय. आणि गंमत म्हणजे त्यात लबाडी अजिबात नव्हती. मोठं ते चांगलं, असं ह्यांना मनापासून वाटायचं. आमच्याकडे छत्री मोठी, बादली मोठी, ह्यांचे बूटसुद्धा एक माप मोठे.

हल्ली मात्र ते गिऱ्हाईकाला आधी खोली केवढी आहे ते विचारतात आणि लहान मशीन दाखवतात. मालक वैतागलाय. “वहिनी, दोन टनला झालंय तरी काय?” असं त्याने परवा मला फोन करून विचारलं. काय झालंय ते मला पक्कं ठाऊक आहे, पण ते मालकाला फोनवर सांगण्यासारखं नाही.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायच्या, मागच्या लहान खोलीत. एक पलंग, एक लाकडी कपाट, एक खुर्ची, आणि खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. बाई मानी. स्वतःचे कपडे स्वतःच्या हाताने धुवायच्या आणि खोलीतच खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायच्या. चादरसुद्धा आपली आपण बदलायच्या. “माझं मला होतंय तोवर माझं मी करणार,” म्हणायच्या. वाद घालून उपयोग नसे, मी कधीच हात टेकले होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना त्या खोलीत चक्कर आली. हे दुकानातून धावत आले. आईच्या उशाशी बसून होते, चेहरा एवढासा झालेला. दुसऱ्याच दिवशी दोन माणसांनी मिळून ते दोन टनांचं धूड घरात आणलं. मी म्हटलं, “अहो, खोली केवढी, मशीन केवढं? उद्या आईंना थंडीने बाहेर यावं लागेल.”

“आईसाठी आणलंय,” हे म्हणाले. “तिथे काटकसर नको.”

आता ह्यावर बायकोने काय बोलायचं?

मशीन बसल्यावर ह्यांनी ते अगदी दुकानातल्यासारखं लावून दिलं. दुकानात कसं, माणूस आत शिरल्या शिरल्या त्याच्या तोंडावर वारा आला पाहिजे, म्हणून तिथल्या मशीनचा पंखा कायम जोरात ठेवतात, क्षणभर बंद होऊ देत नाहीत. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप त्याच बटणावर गेला. “बघ आई, कसा झोत येतोय,” म्हणत हे समोर उभे राहिले. आईपेक्षा ह्यांनाच जास्त सुख झालेलं दिसत होतं.

खोली गार झाली, आणि झटक्यात झाली. पण तो गारवा न पिळलेल्या फडक्यासारखा अंगाला चिकटायचा. डब्यातली बिस्किटं मऊ पडायला लागली. कपाटाच्या मागे काळी बुरशी धरली. उशी, गादी, चादर, जिथे हात लावावा तिथे ओलसर. सासूबाईंना खोकला लागला तो हटेना.

मग ह्यांनी कंबर कसली. जाळी काढून धुतली. पाणी बाहेर नेणारी नळी तपासली, तिच्यात तांब्याने पाणी ओतून खाली जाऊन ठिबकतं का ते पाहिलं. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. दुकानातून हवेतला दमटपणा आकड्यात दाखवणारी एक डबी आणून कपाटावर ठेवली, आणि घरी आले की बूट काढायच्या आधी तो आकडा बघायला लागले. आकडा वरच. शेवटी दुकानाचा मेकॅनिक आला, सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, “मशीन ठणठणीत आहे. तुम्हीच तर सांगता, नंबर एकचं आहे.”

मशीनचा दोष नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचा तरी असायलाच हवा. ह्यांची नजर खुर्चीवरच्या कपड्यांवर गेली.

पहिल्यांदा नीट सांगितलं. मग चिडून. सासूबाई निमूटपणे कपडे गॅलरीत नेऊन टाकायला लागल्या, तरी आकडा हलेना. एका रविवारी माझी नणंद आली होती, ताई, ह्यांची मोठी बहीण. सगळे जेवायला बसलो होतो. हे हात धुऊन डबी बघून आले ते फणकारतच आले.

“आई, तू अजून खोलीत कपडे वाळवतेस ना? किती वेळा सांगायचं? खोली ओली, गादी ओली, चादर ओली. सगळं तुझ्यामुळे.”

“मी नाही वाळवत,” सासूबाई म्हणाल्या.

“मग चादर काय आपोआप ओली होते?”

मी म्हटलं, “अहो, पुरे.” ताईनेही डोळे वटारले. सासूबाईंनी मात्र उलट उत्तर दिलं नाही. एरवी ह्या बाईला कुणी अर्धा शब्द बोललं तर ती दोन ऐकवून मोकळी व्हायची. त्या दिवशी ताटात बघत राहिल्या. उठताना ताईला म्हणाल्या, “मला थोडे दिवस तुझ्याकडे ने.” आणि संध्याकाळी गेल्यासुद्धा.

ह्यांना राग आला. एवढं केलं त्याचं हे फळ, वगैरे. दुसऱ्या दिवशी खोली झाडून पुसून कोरडी केली, कपाटात एक कपडा ठेवला नाही, मशीन चालू केलं, दार लावून घेतलं. मला म्हणाले, “आता बघ, आकडा उतरतो की नाही.” ह्यांना मला दाखवून द्यायचं होतं. त्याचा मला एवढा संताप आला, की मी चहासुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी दुकानातून आल्यावर दार उघडलं. खोलीत माणूस नाही, कपडा नाही, ओलं फडकं नाही. आकडा आणखी वर गेला होता. पलंगावर अंथरलेल्या धुवट चादरीला ह्यांनी हात लावला. ओलसर.

हे खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. गिऱ्हाईकाला मशीन दाखवण्यात जन्म गेला, पण एका मशीनसमोर नुसतं बसून राहायची ती पहिलीच वेळ असावी. मी दारातून बघत होते. मशीन सुरू झालं, लहानशी खोली बघता बघता गार करून टाकली आणि थांबलं. थांबलं म्हणजे आतलं गार करणारं यंत्र थांबलं. पंखा मात्र दुकानातल्यासारखा जोरात चालूच. आणि डबीवरचा आकडा चढायला लागला.

ह्यांनी रिमोट उचलून पंखाही बंद केला. मग मला सांगायला लागले, पण बोलत होते स्वतःशीच. “हवेतलं पाणी आतल्या गार नळ्यांवर जमतं. तिथून ठिबकून बाहेर जायला मशीन बराच वेळ चालावं लागतं. हे एवढं मोठं, की तेवढं चालायच्या आधीच थांबतं. पाणी नळ्यांवरच. आणि मी पंखा चालू ठेवलाय. तेच पाणी परत आईच्या अंगावर.” रिमोट पलंगावर ठेवून दिला. “सगळं मीच केलं. आणि बोललो तिला.”

मी म्हटलं, “ताईच्या देखत बोललात.” म्हणायला नको होतं, पण मी म्हटलं.

त्यांना जेवण गेलं नाही. दुकानातून विकलेली मशीनं एकेक करून आठवत बसले. कुठलं जोडपं, कुठल्या म्हातारीची खोली, कुठलं बाळ. “त्यांच्या घरी कुणाला बोल लागला असेल?” असं मला विचारलं. मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर निघाले आणि आम्ही ताईकडे गेलो. टॅक्सी खालीच थांबवून ठेवली. आईला घेऊनच परतायचं, असं ठरवून आले होते. माफीचं बोलणंही वाटेत मनात जुळवलेलं असावं, ओठ हलत होते.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांच्या चादरीखालून प्लास्टिकची कड बाहेर आली होती. ते प्लास्टिक आईने आल्या दिवशीच मागून घेतलं, का ते सांगितलं नाही, असं ताई मला हळूच म्हणाली. हे तर थेट आईच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मोठं मशीन, पंखा, नळ्यांवरचं पाणी. गिऱ्हाईकापुढे घडाघडा बोलणारा माणूस, पण दर वाक्याला अडखळत होता. “चुकलो आई,” म्हणाले. “तुझा काही दोष नव्हता.”

सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे चादर ओली व्हायची ती त्या मशीनने?”

“हो.”

“मी नाही?”

“नाही गं आई. तुझ्या कपड्यांचा काहीच संबंध नव्हता.”

“कपड्यांचं म्हणत नाही मी.” त्यांनी आवाज खाली आणला. “रोज सकाळी उठून हात लावायची तर अंथरूण ओलं. मला वाटलं, वय झालं, झोपेत आपल्याला कळत नाही. कुणाला दिसू नये म्हणून चादर रोज बदलायची. त्या दिवशी तू जेवताना बोललास, तेव्हा वाटलं, तुलाही कळलंय. सुनेवर ते धुवायची पाळी येण्याआधी निघावं म्हटलं. लेकीला कसंही सांगता येतं.”

हे आईकडे बघत राहिले. लाजेने माझीच मान वर होईना, तर त्यांचं काय झालं असेल?

सासूबाईंचा चेहरा मात्र हलका झाला होता. “मग आता संध्याकाळचं पाणी प्यायलं तर चालेल ना रे?” त्या म्हणाल्या. “दुपारनंतर बंदच केलं होतं मी.”

हे उठले, स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. सासूबाईंनी तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. हे दुसऱ्यांदा आत गेले ते नळ सोडून तिथेच ओट्याला धरून उभे राहिले. घरी चल म्हणायचं तोंडच उरलं नव्हतं त्यांना. मी खाली जाऊन टॅक्सी सोडून दिली.